विश्लेषण : वयाची अठरा वर्षे पूर्ण, तरी ‘पाल्य’पण संपत का नाही?

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावात घरोघरी आधी एकच प्रश्न विचारला जातो : अपडाउन होईल का? अभ्यासक्रम, महाविद्यालयाचा दर्जा, पुढची नोकरी हे विषय नंतर निघतात. मुलीच्या बाबतीत तर बऱ्याचदा आधी अंतर ठरते आणि मग शाखा. कायद्याने सज्ञान झालेल्या मुलामुलींचे निर्णय घरच्यांनी कुठवर घ्यावेत, त्यामागची भीती किती खरी आणि अतिकाळजीचा उलटा परिणाम कसा होतो, याविषयी...

हा प्रश्न नेमका कुठे दिसतो?

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, विद्यार्थ्याने महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. गुण विद्यार्थ्याचे, अर्ज विद्यार्थ्याचा. पण अर्जातला मोबाइल क्रमांक अनेकदा वडिलांचा असतो, ओटीपी त्यांच्याकडे येतो आणि पसंतीक्रम वडील, क्लासचे सर, नेट कॅफेवाला आणि पुण्यात नोकरीला असलेला एखादा मामेभाऊ मिळून ठरवतात. ज्याला चार वर्षे शिकायचे आहे तो बाजूच्या खुर्चीवर बसून असतो. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते पक्के होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत जळगाव लिहायचे की पुणे, हा साधा वाटणारा निर्णय फार दूरवर जातो.

असोदा ते जळगाव हे अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरचे. शहरात महाविद्यालयांची वानवा नाही. मूळजी जेठा, नूतन मराठा, शासकीय अभियांत्रिकी, शासकीय वैद्यकीय ही महाविद्यालये आणि बांभोरीचे विद्यापीठ, सगळे हाताशी आहे. घरून डबा नेऊन शिकणे परवडते, शेतीच्या कामाला हातभारही लागतो. तेव्हा जवळचे महाविद्यालय निवडणे म्हणजे अन्याय, असे मानण्याचे कारण नाही. अन्याय होतो तो जिला गुणांवर दूरचे, अधिक चांगले महाविद्यालय मिळत होते आणि जिला कोणी विचारलेच नाही, तिच्यावर.

आणि पूर्वी ‘फी परवडत नाही’ हे जे कारण होते, ते आता बऱ्याच घरांत उरलेले नाही. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातले मुलींचे पटनोंदणी प्रमाण २८.५ टक्के आहे, मुलांचे २८.३ टक्के. म्हणजे शिकवायचे की नाही, हा वाद बराचसा मिटला. ‘पाठवायचे की नाही’ हा मात्र शिल्लक आहे.

पालकांना हे वय इतके अवघड का जाते?

कारण हे वय आपल्याकडे फार जुने नाही. असोद्याचे उदाहरण समोर आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये इथलाच. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला सासरी गेल्या. शाळा नव्हती, होते ते घर, शेत, जाते आणि पुढे लवकर आलेले वैधव्य. आज असोद्यातली वीस वर्षांची मुलगी तेच अंतर रोज एसटीने कापते, त्याच बहिणाबाईंचे नाव असलेल्या विद्यापीठाची परीक्षा देते आणि वर्गात पोहोचल्यावर ‘पोहोचले’ असा निरोप घरी पाठवते.

यात पूर्वीचे बरे होते, असे सुचवायचे नाही. तेराव्या वर्षी संसार अंगावर पडणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. मुद्दा इतकाच की बालपण आणि संसार यांच्या मध्ये स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा काळच नव्हता. मुलगी वडिलांच्या शब्दातून सासरच्या शब्दात जाई. मुलगा वडिलांच्या हाताखाली शेतात. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. शिक्षण वाढले तसे हे मधले वय आणखी ताणले गेले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये अठरा ते पंचवीस या वयाला पौगंडावस्था आणि प्रौढत्व यांच्यामधला स्वतंत्र टप्पा मानावे, असे मांडले. तिकडेही ही कल्पना पाव शतकाचीच आहे. असोद्यातल्या आजच्या अनेक आईवडिलांनी हा टप्पा स्वतः जगलेलाच नाही. जे आपल्याला मिळाले नाही ते मुलांना कसे द्यायचे, याचा नमुना त्यांच्यापुढे नाही.

भाषाही मदत करत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘पाल्याचे नाव’ असते ते ठीक. पण पदवीच्या तिसऱ्या वर्षालाही सूचनाफलकावर ‘पालक-पाल्य मेळावा’ लागतो. पाल्य म्हणजे ज्याचे पालन करायचे तो. मतदान करून आलेल्या, कदाचित घरातल्यांपेक्षा वेगळ्या चिन्हाचे बटण दाबून आलेल्या माणसाला हा शब्द तसा चमत्कारिकच.

पालकांची भीती निराधार आहे का?

नाही, आणि तिला हसण्यावारी नेणाऱ्यांना जळगाव माहीत नाही. १९९४ मध्ये उघडकीस आलेले जळगावचे वासनाकांड ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींसह अनेक जणींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे व चित्रफिती काढून, त्यांच्या बळावर वारंवार अत्याचार झाल्याच्या त्या प्रकरणाने सारा महाराष्ट्र हादरला होता. आज ज्यांची मुले महाविद्यालयात आहेत ते तेव्हा स्वतः पंधरा-वीस वर्षांचे होते. त्या वर्षी घराघरांत काय बोलले गेले, कोणाचे बाहेर जाणे बंद झाले, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांची भीती टीव्हीवरून आलेली नाही.

शिवाय रोजचा त्रास असतोच. उशिरा येणारी एसटी, अंधार पडल्यावर थांब्यावर उभे राहणे, काळी-पिवळीतली दाटी. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसले की, जाण्यायेण्याचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली दर्जाने बऱ्याच खालच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायला तयार होतात. मुलांमध्ये अशी तडजोड फारच कमी दिसते. राजधानीतली ही स्थिती. तेव्हा असोद्यातला बाप अंतर आधी मोजतो, हे समजण्यासारखे आहे. त्यावरचा उपाय मात्र वेळेवर सुटणारी बस आणि उजेडाचा थांबा हा आहे. मुलीच्या पसंतीक्रमावर काट मारणे सोपे पडते, म्हणून ते आधी होते.

मग पाळत ठेवण्यात चूक काय?

वासनाकांडाकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. त्या मुलींना महिनोन्महिने गप्प ठेवणारे हत्यार कोणते होते? ‘घरी सांगू.’ छायाचित्र हे निमित्त होते, खरी ताकद त्या दोन शब्दांत होती. घरी कळले तर कॉलेज बंद, बाहेर पडणे बंद, लग्न उरकून टाकणार, उलट आपल्यालाच दोष, हे त्या मुलीला ठाऊक होते आणि गुन्हेगारालाही. प्रकरण फुटल्यावरही तक्रार द्यायला मोजक्याच जणी पुढे आल्या. म्हणजे घरातला कडक पहारा ज्या धोक्यापासून वाचवण्यासाठी होता, त्याच धोक्याच्या तो उपयोगी पडला.

तीस वर्षांनी साधने बदलली, पद्धत तीच आहे. अनोळखी खात्यावरून आलेला व्हिडीओ कॉल, त्याचे रेकॉर्डिंग, मग पैशांची मागणी. झटपट कर्ज देणारे ॲप, हप्ता चुकला की मोबाइलमधल्या सगळ्या क्रमांकांवर बदनामीचे संदेश पाठवण्याची धमकी. यात मुलगेही तितकेच सापडतात. दर वेळी धमकीचे शेवटचे टोक ‘घरच्यांना पाठवू’ हेच असते. ज्या घरात ही धमकी चालत नाही, तिथे हा धंदा चालणे कठीण.

याला संशोधनाचा आधारही आहे. हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या स्वीडनमधल्या संशोधकांनी २००० मध्ये एक साधा प्रश्न विचारला : आईवडिलांना मुलांचे जे काही माहीत असते, ते त्यांना कळते कुठून? चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून आलेले उत्तर पालकांना चक्रावणारे होते. ही माहिती चौकशी, नियम किंवा लक्ष ठेवण्यातून फारशी मिळत नाही. मुले आपणहून सांगतात म्हणून ती कळते. आणि आपल्यावर पाळत आहे असे ज्यांना वाटते त्यांची स्थिती चांगली असण्याऐवजी अधिक बिघडलेली दिसली. चौदाव्या वर्षी हे खरे असेल, तर विसाव्या वर्षी व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशन काय सांगणार? ते फार तर आठ तास चालू राहते, मग पुन्हा ‘चालू कर’ म्हणून फोन. त्यातून फोन कुठे आहे एवढे कळते. फोन मैत्रिणीच्या दप्तरात ठेवून निघून जाता येते, ही युक्ती होस्टेलवर कोणाला शिकवावी लागत नाही.

‘हेलिकॉप्टर पालक’ हा शब्दप्रयोगही असाच एका मुलाच्या तक्रारीतून आला आहे. आई हेलिकॉप्टरसारखी डोक्यावर घिरट्या घालते, अशी तक्रार एका किशोरवयीनाच्या तोंडी हाईम गिनॉट यांच्या १९६९च्या पुस्तकात आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या २९७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात असे पालकत्व आणि नैराश्य, जीवनाविषयीचे असमाधान यांचा संबंध आढळला. आपल्याला काही जमते आणि आपले आपण ठरवू शकतो ही भावना कमी झाल्याने हे घडते, असे संशोधकांचे म्हणणे. अभ्यास छोटा आहे, तिकडचा आहे, आणि कारण कोणते व परिणाम कोणता हे त्यातून पक्के ठरत नाही. त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण बँकेत पैसे भरण्याची स्लिप हातात आली की वडिलांना फोन लावणारा तृतीय वर्षाचा विद्यार्थी खान्देशातल्या कोणत्याही बँकेत भेटेल.

मुलग्यांना तरी मोकळीक असते का?

फिरण्याची असते, निर्णयाची नसते. शिवाय आपल्या काळजीत एक गमतीची विसंगती आहे. सोळाव्या वर्षी शेतात डबा पोहोचवायला मोटरसायकल हातात देणारे घर, एकोणिसाव्या वर्षी त्याच मुलाला ‘तुला काय कळते’ म्हणून शाखा निवडू देत नाही. वास्तविक पहिल्या गोष्टीवर कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. जिथे अडवायला हवे तिथे सोडायचे आणि जिथे सोडायला हवे तिथे अडवायचे, असे हे झाले.

मुलाची दोरी बहुधा पैशाची असते. मागेल तेवढे मिळते, पण महिन्याचा हिशेब त्याच्या हाती नसतो. कापूस विकून किंवा केळीचा घड कापला गेल्यावर आलेल्या पैशातून त्याची फी भरली जाते, ती किती आणि कशी उभी राहिली हे त्याला सांगितले जात नाही. ‘त्याने फक्त अभ्यास करावा.’ याचे टोक कोटा आणि लातूरला दिसते. तिथे मुलांसोबत रूम करून राहणाऱ्या आया आहेत. दोन वर्षे स्वयंपाक, कपडे, गजर सगळे आईकडे. परीक्षेपुरते हे समजून घेता येईल. मग तोच मुलगा अचानक पुण्यात कॉट बेसिसवर एकटा पडतो, मेसचे जेवण बेचव लागते, रूममेटशी पटत नाही आणि पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. ते घरी सांगायचे धाडस होत नाही. निकाल लागलाच नाही, असे सांगून वेळ मारून नेली जाते.

कायदा काय सांगतो?

१८७५च्या सज्ञानता कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान. मतदानाचे वय ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आले. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक वाद आला होता. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला कुवेतमध्ये वडिलांकडे राहून शिकायचे होते, आईला ती आपल्याजवळ हवी होती. मुलगी सज्ञान आहे, तिने आपली इच्छा स्पष्ट सांगितली आहे, तेव्हा आईची माया किंवा वडिलांचा अहंकार पाहून न्यायालय तिचे ‘महापालक’ होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

महाविद्यालयांनाही मर्यादा आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत म्हटले आहे की, सुरक्षेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. प्रत्यक्षात फाटक बंद होण्याच्या वेळा आजही अनेक ठिकाणी वेगळ्या असतात आणि ‘पालकांचीच मागणी आहे’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातल्या सज्ञान विद्यार्थिनीचा मोबाइल संध्याकाळी काढून घेण्याचा नियम अमान्य केला आणि इंटरनेट वापरणे हा शिक्षण व खासगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला.

तरीही कायदा सर्वत्र एका सुरात बोलत नाही. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्यासोबत पालकांकडूनही घेतले जाते. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. अमेरिकेत १९७४च्या कायद्यामुळे महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याचे गुण त्याच्या संमतीशिवाय पालकांना सहसा दाखवता येत नाहीत. आपल्याकडे गैरहजेरीचा संदेश थेट वडिलांच्या मोबाइलवर येतो. जो खर्च करतो त्याला विचारण्याचा हक्क आहे, ही भावना इथे खोल आहे आणि ती पूर्ण चुकीची म्हणता येणार नाही. विचारणे वेगळे आणि ठरवणे वेगळे, एवढा फरक राहिला तरी पुष्कळ.

स्वातंत्र्य दिले तर मुले दुरावतील?

ही भीती सर्वांत खोल असते, आणि ती बोलून दाखवली जात नाही. तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चिदेम कागितचीबाशी यांचे काम इथे उपयोगी पडते. स्वायत्त होणे म्हणजे माणसांपासून सुटे होणे, हे समीकरण पाश्चात्त्य आहे, असे त्या म्हणत. स्वतःचे निर्णय घेणारा माणूस घराशी घट्ट बांधलेलाही असू शकतो. दोन्ही एकत्र नांदू शकतात. असोद्याच्या भरीत पार्टीला पुण्याहून, मुंबईहून हिवाळ्यात धावत येणारी मुले पाहिली तर हे पटायला पुस्तक लागत नाही.

सुरुवात कुठून करता येईल?

एकदम दोर सोडून देण्याची गरज नाही. व्यवहार एकेक करून हाती देता येतात. रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खाते चालवू देण्याची मुभा बँकांना दिली आहे. अठराव्या वर्षी तर पूर्ण महिन्याचा खर्च एकरकमी देऊन वीस तारखेला संपला तर काय करायचे हे त्यालाच ठरवू द्यायला हरकत नाही. शिष्यवृत्तीचा ‘महाडीबीटी’ अर्ज मुलीने स्वतः भरावा, चुकला तर दुरुस्तीसाठी महाविद्यालयातल्या खिडकीपाशी तिनेच उभे राहावे. पसंतीक्रम भरण्याआधी ती महाविद्यालये तिला दाखवून आणावीत. पैसे किती आहेत, किती लागतील, कुठे अडचण आहे, हे आकड्यांत सांगावे. ‘नाही’ म्हणायचे असेल तर कारण सांगून म्हणावे. जाण्यायेण्याच्या वेळेचा नियम करायचा असेल तर तोच मुलालाही लावावा.

आणि एक गोष्ट घरात स्पष्ट शब्दांत, प्रवेश होण्याआधीच बोलून ठेवावी : काहीही झाले, कितीही मोठी चूक झाली, कोणी फोटो पाठवण्याची धमकी दिली, पैसे बुडाले, विषय राहिले, तरी पहिला फोन घरी करायचा आणि त्या फोनमुळे कॉलेज बंद होणार नाही. हा शब्द दिला तर तो पाळावा लागतो. एकदा मोडला की दुसरा फोन येत नाही. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३०, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मन खचले असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक मुलांच्या मोबाइलमध्ये असावेतच.

त्याच बैठकीत आणखी एक काम होऊ शकते. लहानपणी काढलेल्या आधार कार्डाला अजून वडिलांचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो, त्यामुळे शिष्यवृत्तीपासून बँकेपर्यंत प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि ते शेतात असले की काम अडते. क्रमांक बदलण्यासाठी ज्याचे आधार आहे त्यालाच पुढे यावे लागते. ओळख त्याची पटवावी लागते, वडिलांची चालत नाही.